फुगवटा

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर मी "बरं, बघते" एवढंच म्हणून ठेवून दिला. तुला वाटलं असेल, आई रुसली. तसं नाही. बोलायला लागले की माझा आवाज कापतो, मग तू "आई, रडू नकोस ना" म्हणून विषयच मिटवतेस. कागदावर आवाज कापत नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर अजून रेघेवर सरळ चालतं, म्हणून त्याच्याच भरवशावर बसले आहे.

घरी सगळं तुला ठाऊक तसंच. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो, खाली मी वाटी ठेवली आहे. ऑफिसात मात्र जागा बदलली. खिडकीजवळचं टेबल काढून मला रेकॉर्डच्या खोलीत बसवलंय. तिथला पंखा माणसांपेक्षा फायलींनाच जास्त वारा घालतो. जुना शिपाई चहा ठेवताना हळूच म्हणतो, "बाई, तुम्ही इथं शोभत नाही." हेडक्लार्क आल्यागेल्याला ऐकवतो, "लोकांच्या घरी भिंतींना कान असतात, आमच्या बाईंच्या घरी लेक आहे." सगळे हसतात. एकदा तर मीही हसले, निव्वळ सवयीनं.

माझं काम तुला पाळण्यात असल्यापासून माहीत. तरी लिहिते, कारण ते लिहायला मला अजून आवडतं. कुठली जमीन कारखान्याच्या घाणीनं नासली आणि ती साफ करायचं कंत्राट द्यायचं ठरलं, की टेंडरं उघडायच्या आधी सरकारचा स्वतःचा अंदाज तयार हवा. कुणाचा आकडा न बघता, कुणाला न विचारता. आधी मनातल्या मनात तो सगळा खड्डा आपण स्वतः खणायचा. माती किती निघेल, कुठं न्यायची, वाटेत सांडू नये म्हणून ट्रकवर काय झाकायचं, ट्रकची चाकं कुठं धुवायची, ते धुतलेलं पाणी परत कुठं जाणार. तुझे बाबा म्हणायचे, "हिला चहात साखर घालायची तरी आधी अंदाजपत्रक लागतं." हे काम मला सिस्टरांनीच शिकवलं असं मी मानते. गणिताच्या तासाला त्या बाकांमधून फिरायच्या आणि सांगायच्या, दुसरीच्या पाटीत बघायचं नाही आणि आपली पाटी डाव्या हातानं झाकून ठेवायची. मी जन्मभर पाटी झाकूनच ठेवली.

तुला मागच्या अंगणातला खड्डा आठवतो का? झाड लावायचं म्हणून आपण दोघींनी खणला. मग बाबांनी जागा बदलायची म्हटली आणि आपण तीच माती परत लोटायला घेतली. खड्डा भरला, तू वर नाचून नाचून दाबलंस, तरी माती उरलीच. तू कमरेवर हात ठेवून मला जाब विचारलास, "आई, तीच माती ना? मग मावत का नाही?" मी म्हटलं, "अगं, उकरली म्हणून रुसली ती. रुसलेली माती फुगते." तू त्या ढिगाऱ्याशेजारी बसून तिची समजूत काढत होतीस. बाबांनी बादल्या मोजून भरल्या आणि मला दाखवलं, आपल्या चिकण मातीचा फुगवटा तिसऱ्या हिश्शाएवढा आहे. ऑफिसचं पुस्तक चौथा हिस्सा धर म्हणतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं बहुतेक कोरडी माती खणली असावी.

त्या रंगाच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर मी गमबूट घालून गेले, तेव्हा तो खड्डाच डोळ्यांपुढं आला. काळी, चिकट, ओली माती. फावड्याला बिलगायची, सुटता सुटायची नाही. पलीकडे वसाहत, वसाहतीची विहीर कधीची कुलूप लावून बंद. एक बाई गच्चीतून ओरडली, "मोजून झालं असेल तर आता न्या की ती घाण!" मी अंदाजात फुगवटा तिसरा हिस्सा धरला. का ते कुठंही लिहिलं नाही. पाकिटाला लाख लावली, ते साहेबांच्या कपाटात गेलं, आणि घरी येऊन तुझ्याशी फोनवर फक्त तुझ्या खोकल्याबद्दल बोलले.

तू त्या कंपनीत लागलीस तेव्हा साहेबांना लेखी कळवणारी मीच. ती पाणी तपासते, टेंडरांशी तिचा संबंध नाही. साहेब म्हणाले होते, "मग हरकत नाही बाई. बदल झाला तर तेवढं सांगा." बदल झाला, भिंगरी. तुला टेंडरच्या विभागात नेलं, खुर्ची मोठी दिली. दर रविवारी फोन करून तू मला हवा सांगितलीस, भाजी सांगितलीस, शेजारणीचं भांडण आवाज काढून सांगितलंस. हे तेवढं राहून गेलं.

टेंडरं उघडली तेव्हा मी समोर बसले होते. बाकी सगळ्यांनी पुस्तकातला चौथा हिस्सा धरला होता. तुमच्या कंपनीनं तिसरा. खाली कारण दिलं होतं, एक ओळ: "उकरलेली ओली चिकण माती परत त्याच खड्ड्यात मावत नाही." साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मला क्षणभर, खोटं कशाला सांगू, आनंदच झाला. माझी पोर किती नेमकं लिहिते, असं वाटलं. मग कळलं, पोर आता पाणी तपासत नाही, टेंडरं लिहिते.

तू काही चोरलं नाहीस, हे मला त्याच क्षणी कळलं. कपाट फोडलं नाहीस, माझ्याकडून काही काढून घेतलं नाहीस. तू खड्ड्याशेजारी शिकलेलं लिहिलंस. पाटी झाकता येते, शिकवलेलं कसं झाकणार? पण हे पटेल असं सांगू शकणारी दुनियेत एकच व्यक्ती आहे, तू. तू सांगितलंस तर, तुझी बदली लपवली होती हेही सांगावं लागेल आणि तुमच्या कंपनीच्या हातचं कंत्राट जाईल.

दुसऱ्या कंपनीनं तक्रार केली, चौकशी बसली. साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, "बाई, एक ओळ लिहून द्या. घरी बोलता बोलता अनवधानानं निघून गेलं. आई आहात, कोण काय म्हणणार? आणि मोकळ्या व्हा." परवा मी तुला फोन केला. मला वाटलं, तू ओरडशील, असली ओळ लिहायची नाही, मी येते. तू तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "लिहून टाक ना आई. तुझी नोकरी अशीही संपत आली. माझं सगळं पुढं आहे." आणि लगेच, आवाज बदलून, "जेवलीस का?"

जेवले होते गं.

तेव्हापासून ते वाक्य मी परत जागेवर बसवायला बघते आहे. तू दमलेली असशील, घाबरलेली असशील, तसं म्हणायचं नसेल. वरून दाबते, नाचून दाबते. मावत नाही.

सोमवारी सुनावणी आहे, सकाळी, साहेबांच्याच खोलीत. ती ओळ मी लिहिणार नाही. घरी कुणापाशी काही बोलले नाही, एवढंच सांगेन, कारण तेवढंच खरं आहे. अंगणातला खड्डाही काढणार नाही; ती ओळ तुझी हे त्यातून उघड होऊन तू अडकशील आणि ते माझ्या हातून व्हायचं नाही. तिथं येऊन सांगायचं तर तूच सांगायचं. हे पत्र तुला बोलवायला नाही, कळवायला आहे. तू येशील की नाही याचा अंदाज मी केला आहे, तुला न विचारता, तुझं उत्तर न बघता, नेहमीच्या रीतीनं. कागदावर एकच शब्द लिहून पाकिटात घातला, लाख लावली. ते पाकीट सोमवारी माझ्या पर्समध्ये असेल. तुला माहीत आहे, माझे अंदाज फारसे चुकत नाहीत. हा चुकव.

तुझीच, फुगलेली,
आई