बंद ठेवलेला टच

बाबा, तुमचा सिंथेसायझर आज अमरावतीच्या माझ्या घरी माळ्यावरून काढला. लेकीची वाजवण्याची परीक्षा आहे, नवा घेण्याआधी हाच पाहू म्हटलं. पुसला, लावला, तर चालू झाला. तिने थोडं वाजवलं आणि म्हणाली, "आई, हळू दाबलं काय न जोरात दाबलं काय, हा सारखाच वाजून राहिला." बिघाड काही नव्हता. टच तुम्हीच बंद करून ठेवलेला होता.

तुम्ही जन्माचे पेटीवाले. जयंतीच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत सिंथेसायझर आला तेव्हा तोही पेटीसारखाच वाजवायला घेतलात, उजवा हात पट्ट्यांवर, डावा आवाजाच्या बटणावर, भाता मारल्यासारखा पुढे-मागे. अकोल्याच्या आपल्या जुन्या खोलीत मी, नुकती कॉलेजात गेलेली, तुम्हाला शहाणपण शिकवायला येते. "बाबा, टच चालू करा ना. बोट जसं पडन तसा आवाज निंगते." तुम्ही मान वर न करता म्हणता, "मले बोटाचा आवाज नाई पायजे. बोट आज दुखते, उद्या थरथरते. लोकायले काहून आयकू द्याचं?"

छातीच्या दुखण्याचंही तसंच केलंत. डॉक्टरांनी कार्यक्रम बंद करायला सांगितलं होतं, हे आम्हाला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. तुम्ही तिवशाला वाजवायला गेलात आणि तिथून लोकांनी तुम्हाला गाडीत घालूनच आणलं. वाजवता वाजवता गेला, भाग्यवान माणूस, असं जो तो म्हणत होता. मी सगळ्यांना चहा दिला. रडू आलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून आलेलं नाही, आणि आता ते कुणी विचारतही नाही.

आज सेटिंगमध्ये शिरून टच मध्यमवर ठेवला. जुनं सेटिंग पुसायचं का, असं यंत्राने विचारलं, मी हो केलं. तेव्हाही काही वाटलं नाही. मग नीट चालतो का ते पाहायला सा रे ग म वाजवलं, नेहमीसारखं, साधंच. लेकीने कानांवर हात ठेवले. "आई, कितीक जोरात मारून राहिली तू याले?" मी पुन्हा वाजवलं, जपून. तरी तसंच जोरात वाजलं.

ती शिकवणीला गेली तशी मी हे लिहायला बसले. पाठवायचं कुठेच नाही, म्हणून लिहिता येतंय. तुमची फार आठवण येते असं मी लोकांना सांगत असते. खरं म्हणजे मी तुमच्यावर चिडलेली आहे, बाबा. आज दुपारपर्यंत मला ते माहीत नव्हतं.