एन्कार्नाचा वाडगा

रीडिंग (इंग्लंड), सोमवार

ती. आशावन्संना द्रौपदीचा सविनय जय भीम. नव्या तेलानं तुमचा गुडघा वाकायला लागला का? इथं सगळे खुशाल. माझं अक्षर चौथीत होतं तिथंच थांबलंय, तेव्हा चष्मा लावून सावकाश वाचा.

तर वन्सं, मी स्पेन बघून आले! प्रज्ञेश-धम्मशीलानं इस्टरच्या सुट्टीत नेलं. गाव डोंगराच्या शेंड्यावर, घरं चुन्यानं पांढरी (मी बोट घासून पाहिलं, आपल्यापेक्षा बरा बसलाय), आणि सगळ्यांच्या वर किल्ला. सूनबाई चढता चढता फोनमधून इतिहास वाचत होती. किल्ला आधी अरबांचा, मग ख्रिस्ती राजाचा, मशिदीचं चर्च झालं, विहीर तेवढी तीच राहिली. एवढे राजे बदलले पण पायऱ्या कुणी कमी केल्या नाहीत बघा. लंडनला बाबासाहेबांच्या घराचा जिना मी न थांबता चढले होते, इथं मात्र दीडशेव्या पायरीला धाप लागली. पोरं पुढं गेली. एक उघडं दार दिसलं, तिकीटघर समजून शिरले, तर आत एक म्हातारी हिरव्या शेंगा सोलत बसलेली. आता समोर शेंगांचा ढीग असताना नुसतं उभं कसं राहायचं? बसले सोलायला. तिचं मला कळेना, माझं तिला, पण विषय सुनांचा आहे एवढं दोघींना कळत होतं. तिकडं प्रज्ञेश किल्लाभर मला हुडकतोय! तासाभरानं सापडले तर म्हणतो, "आई, अगं हे लोकांचं घर आहे!" म्हटलं, "मग मी काय गोठ्यात बसलेय?"

निघताना एन्कार्नानं (तीच ती म्हातारी) हिरव्या नक्षीचा वाडगा भरून ऑलिव्ह दिले. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तुम्हीच मला नवी नवरी असताना शिकवलंत. दुसऱ्या दिवशी शंकरपाळे भरून नेऊन दिला. तर त्या बाईलाही मला रिकाम्या हातानं पाठवणं जमेना! त्याच वाडग्यात बदाम. मग माझा चिवडा, मग तिचे सुके अंजीर. पाच दिवस हेच, किल्ला राहिलाच. शेवटच्या दिवशी वाडगा माझ्याकडं, फराळाचे डबे संपलेले, विमानाची वेळ झालेली. आणला शालीत गुंडाळून.

आता तो इथं खिडकीत बसून माझ्याकडं बघतो. धम्मशीला म्हणते पार्सल करू. फुटला म्हणजे? प्रज्ञेश म्हणतो, "वाडगा द्यायला कुणी विमानानं जातं का?" आणि माझा व्हिजा राहिलाय एक महिना.

पायऱ्या चढून बारीक झालेली (सूनबाईला तसं वाटत नाही),
तुमची द्रौपदी

ता. क. प्रज्ञेश माझं ऐकत नाही, आत्याचं ऐकतो. रविवारी त्याचा फोन आला की सांगा, दुसऱ्याचं भांडं ठेवून घेऊ नये, आईला घेऊन जा आणि देऊन ये. (अपशकुन म्हणू नका, तो भाषण देतो. लाज म्हणा.)

ता. क. दुसरा. पिशवीच्या तळाशी राजगिऱ्याचे चार लाडू शिल्लक होते. मला तिथंच ठाऊक होतं. हे मात्र फोनवर बोलू नका.