थोडंसंच आहे

अण्णा,

परवा एका हॉटेलात आम्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना आपल्या शाखेत नवीन काय आलंय ते शिकवलं. जेवणाआधी टेबलांवर चादरी अंथरल्या, त्यांवर लाल रंगाचं पाणी ओतलं आणि विचारलं, बाळंतपणात एवढं रक्त गेलं तर किती म्हणाल? सगळ्यांनी कमीच सांगितलं. ज्याची प्रॅक्टिस जितकी जुनी, त्याचा अंदाज तितका कमी आणि आवाज तितका खणखणीत. तुम्ही असतात तर पहिला नंबर तुमचाच होता.

"थोडंसंच आहे." बाळंतपणाच्या टेबलावर बाई असली की तुमचं हे ठरलेलं. वैजापूरच्या त्या बाईच्या वेळीही हेच म्हणालात. मी सुट्टीला घरी आलेली मेडिकलची विद्यार्थिनी, भिंतीला टेकून उभी. जरा वेळानं तिचे ओठ पांढरे पडले, मग तुम्ही गाडी बोलावलीत. मोठ्या दवाखान्यात ती वाचली, गर्भाशय मात्र गेलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी नुसती कुस्करत बसला आहात, आई वरणाची वाटी धरून थांबलीय आणि मी विचारते, खरंच थोडं होतं का? तुम्ही मान वर न करता म्हणता, "टेबलावरच्या बाईला कान असतात. एवढंही शिकवत नाहीत का तुमच्या कॉलेजात?" आई म्हणते, "वरण घ्या." विषय संपतो.

आता त्यावर इलाज निघालाय. बाईच्या खाली रेघा आखलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त त्यात साठतं. ठरलेल्या रेघेला टेकलं की गर्भाशय चोळणं, इंजेक्शनं, सलाईन, तपासणी, सगळं एकदम सुरू. एक देऊन दुसऱ्याची वाट बघायची नाही. एवढ्या संशोधनाचं सार काय, तर डॉक्टरच्या डोळ्यांवर विसंबू नका.

काल गंगापूरची एक पहिलटकरीण बाळंत झाली. पिशवी लावली होती. मला सगळं ठीक दिसत होतं. सिस्टर म्हणजे तुमच्याच वेळच्या आपा, आता चष्मा लागलाय, वाकून हळूच म्हणाल्या, "मॅडम, रेघ पार हो गयी." मी पुन्हा पाहिलं. तरी मला ते थोडंच वाटत होतं. डोळे तुमचेच आलेत, काय करणार. पण पिशवी माझ्या नात्यातली नव्हती. सगळं एकदम सुरू केलं.

पोरीनं विचारलं, "मॅडम, लई चाललंय का?"

"थोडंसंच आहे गं," मी म्हणाले. अगदी तुमच्या आवाजात.

तेव्हा उमगलं, तुमच्या वाक्यात खोट नव्हती. धीर बाईला द्यायचा होता, पण त्याचा पहिला घोट तुम्हीच घ्यायचात. मी बोलत होते तिच्याशी, नजर पिशवीवर ठेवून.

रक्त थांबलं. सगळं शाबूत ठेवून पोरगी वॉर्डात गेली. हात धुताना आपांनी विचारलं, "मॅडम, घाबरल्या होत्या का?"

"थोडंसंच," म्हणाले.

हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. भीतीला पिशवी लावली असती, तर रेघ कधीच बुडाली असती.