मूळ डिस्क जपून ठेवणे

बोरिवली (पश्चिम),
रविवार, जेवणं आटोपल्यावर

ती. बाळदादा यास,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे विद्याधरचा, साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात क्षेम आहे की नाही हे माझं मलाच कळेनासं झालं आहे. तुझा गुडघा कसा आहे? मुलुंडच्या नव्या घरी लिफ्ट असल्यामुळे आराम पडला असेल. (सांताक्रूझला असताना जिना चढताना तू प्रत्येक मजल्यावर कुणाकडे तरी पाणी प्यायला थांबायचास. ती माणसं अजून तांब्या भरून ठेवत असतील.) माणिकवहिनींचं ब्लडप्रेशर काय म्हणतं? खिडकीतून डोंगर दिसतो म्हणाला होतास, तो अजून दिसतो की मध्ये दुसरा टॉवर आला? हॉलमध्ये घड्याळ ठेवलंत का? वास्तुशांतीला आलेल्या वस्तू उघडून जागच्या जागी लागल्या असतील ना? हे सहज विचारतो आहे.

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, कुणाचं काही झालेलं नाही. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझ्या वाटची उत्तरं वहिनी आतून देतात. मोबाइलवर लिहावं तर माझं बोट घरच्या ग्रुपवरच जाऊन पडतं. (मागे डॉक्टरांना पाठवायचा पोटाचा तपशील मी सगळ्या कुटुंबाला पाठवला होता आणि गोव्याच्या आत्याने त्यावर घरगुती उपाय कळवला होता.) म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर फाडायचं की ठेवायचं, ते शेवटी सांगतो.

मुद्दा आमच्या कॉम्प्युटरचा आहे. गंधाली आर्किटेक्चरला असताना घेतलेला तो मोठा, पडद्याच्या पाठीतच सगळं सामान असलेला, तुला आठवत असेल. लेक नोकरी धरून बंगळूरला गेली आणि तिची खोली, तिचं टेबल आणि हा कॉम्प्युटर सगळं तिच्या आईच्या, रेवतीच्या, वाट्याला आलं. पहिले काही महिने ती त्याच्यावरची फक्त धूळ पुसायची. मग कुणाच्या तरी ओळखीने तिला परदेशातल्या मुलांना मराठी शिकवायचा वर्ग मिळाला, शनिवार-रविवार सकाळचा, आणि तेव्हापासून आमच्याकडे शनिवार हा सण आहे. ती इस्त्रीची साडी नेसते. (पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसतं असं मी एकदा म्हणालो होतो, पुन्हा म्हणालो नाही.) त्या वेळात मिक्सर लावायचा नाही, नळ जोरात सोडायचा नाही, मी खोकायचंसुद्धा बाल्कनीत जाऊन. सिडनीचा सम्यक नावाचा एक पोरगा तिला वर्गात काय काय सांगतो ते मी आठवडाभर ऐकतो. दादा, गंधाली गेल्यावर या बाईचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाटलं माझेच कान गेले, मी तपासून आलो. तो आवाज परत आला तो या वर्गामुळे. तेव्हा पुढचं हसण्यावारी नेऊ नकोस.

दीडेक वर्षापूर्वी हा कॉम्प्युटर इतका संथ झाला की रेवती आधी तो चालू करायची, मग कुकर लावायची, आणि शिट्ट्या आधी व्हायच्या. तेव्हा मी आयसी कॉलनीतल्या नेल्सनला बोलावलं. त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, पण तो येतो ते ऑपरेशनला आल्यासारखा. हात धुतो, टेबलावर स्वच्छ टॉवेल मागतो आणि माणसांना खोलीबाहेर काढतो. त्याने काचेला रबरी वाट्या चिकटवून अख्खा पडदा उचलला, आतली कंपनीची जुनी डिस्क काढली आणि बाजारातली नवी, वेगवान डिस्क, म्हणजे एसएसडी, बसवली. यंत्र पळायला लागलं. जाताना त्याने ती जुनी डिस्क माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, “काका, ही फेकू नका हां. ओरिजिनल आहे. मशीन हिला वळखते. कधीतरी लागेल.” यंत्राने कुणाला ओळखायचं कारण काय हे मला कळलं नाही, पण जपून ठेवायला सांगितलेली वस्तू मी जपून ठेवतो हे तू जाणतोस. मी तिला बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, ‘मूळ डिस्क. फेकू नये. वि.’ अशी चिठ्ठी डकवली, एका मजबूत खोक्यात हलणार नाही अशी बसवली, खाकी चिकटपट्टी फुलीच्या आकारात लावली आणि घरातल्या सर्वांत कोरड्या, सर्वांत स्वच्छ कप्प्यात ठेवली. तो कप्पा कोणता याकडे मी नंतर येतो.

आता गेल्या महिन्यात वर्गवाल्यांनी कळवलं की दिवाळीनंतर त्यांचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवर चालणार नाही. रेवती म्हणाली, नेल्सनला बोलावू. नेल्सन मुलीच्या, नॅटलीच्या, लग्नाच्या गडबडीत मढला सासुरवाडीला जाऊन बसलेला. रेवती म्हणाली, मग थांबू, तुम्ही हात लावू नका. ती ठाण्याला मावशीकडे गेली आणि मी हात लावला. (तुम्ही हात लावू नका या वाक्यात काय जादू आहे कोण जाणे, एरवी त्या खोलीत मी फिरकतही नाही.) नवी सिस्टिम म्हणाली, आधी फर्मवेअर नवं करा. फर्मवेअर नवं करायला गेलो तर ते थोडं पुढे सरकलं, थबकलं आणि इंग्रजीत म्हणालं की या डिस्कवर जमणार नाही. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, नंतर घरातलं वायफाय बंद करून चालू केलं, शेवटी देवाजवळ उदबत्ती लावून आलो. उत्तर तेच.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा मुलगा फार सभ्य. त्याने मला सर म्हणत म्हणत विचारलं की आत डिस्क कोणाची आहे. मी म्हणालो, आमचीच. तो म्हणाला, तसं नाही सर, कोणत्या कंपनीची. मग मला कबूल करावं लागलं की बाजारातली आहे, आणि त्याचा आवाज असा हळवा झाला की जणू मी घरातली काही भानगड सांगितली. तो म्हणाला, मूळ डिस्क परत बसवा, मग फर्मवेअर नवं होईल, मग हवी ती डिस्क लावा. मी विचारलं, फर्मवेअर त्या डिस्कमध्ये असतं का? तो म्हणाला, नाही सर, ते आतल्या मुख्य बोर्डावर असतं. मी म्हणालो, मग डिस्कचा संबंध काय? तो म्हणाला, मूळ डिस्क लागते. असं आम्ही बराच वेळ एकमेकांना सांगत राहिलो.

शेवटी नेल्सनला मढला फोन लावला. मागे बँड वाजत होता. तो म्हणाला, माणूस सकाळी उठला की आधी त्याला आपण कोण, कुठे झोपलोय ते आठवायला लागतं ना, ते आठवायचं काम फर्मवेअरचं. मी म्हणालो, मग हल्ली मलाही नवं लागेल. तो हसला नाही. मला त्यातून कळलं ते एवढंच: आपल्या सोसायटीचा वॉचमन जसा जुन्या भाडेकरूला बघितल्याशिवाय नव्याचं सामान आत सोडत नाही, तसं हे यंत्र आहे. काम डिस्कचं नाही, नुसतं तोंड दाखवायला ती हवी. बरोबर कळलंय का, ठाऊक नाही. नेल्सन म्हणाला, “काका, टेन्शन घेऊ नका. जुनी डिस्क काढून ठेवा, मी येतो नि लावतो. झकास होईल.” मी म्हणालो, आहे, जपून ठेवली आहे, आणि फोन ठेवून कप्प्याशी गेलो. कप्प्यात खोकं नाही.

तर अशी अवस्था आहे. गंधाली नवा कॉम्प्युटर घेऊन द्यायला तयार आहे, पण रेवती ऐकत नाही. तिला याच्यावरच सगळं सापडतं, आणि लेकीच्या टेबलावर लेकीचाच कॉम्प्युटर असावा असं तिला वाटतं, हे ती बोलत नाही पण मला कळतं. दिवाळी तोंडावर आली. खोकं कुठे असेल याचा मला अंदाज आहे, पण तो मजकुरात लिहायला हात धजत नाही. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तिळाचं तेल लाव.

तुझा,
विद्याधर

ता. क. (रविवार, संध्याकाळ) लिहूनच टाकतो. तो कप्पा म्हणजे रेवतीचा देण्याघेण्याचा कप्पा. प्रत्येक घरात असतो तसा, आलेल्या आणि न उघडता पुढे जायच्या वस्तूंचा. तिथे धूळ नसते, कारण तिथली वस्तू फार दिवस टिकत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आणि खोकं होतं टेबलावर ठेवायच्या घड्याळाचं. घड्याळ मी काढून पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं आणि खोकं चांगलं म्हणून त्यात डिस्क बसवली. वजनही तेवढंच. आज जेवताना मी आडून आडून विचारलं, तर रेवती म्हणाली, ते होय, ते दादांना वास्तुशांतीला दिलं ना, अगदी कोरं होतं. दादा, मी तुला नव्या घराच्या मुहूर्तावर एक काढून टाकलेली डिस्क आहेर केली आहे, आणि तिला हे ठाऊक नाही. ती तुमच्याकडे असली तर वहिनींच्या नकळत काढ आणि कुरिअरने पाठव. रेवतीला कळलं तर ती तुझ्या घरचा उंबरठा चढायची नाही.

ता. क. (सोमवार) रात्रभर विचार केला. तू ते खोकं उघडलं असशीलच. मग बोलला का नाहीस? आता मला सगळं नव्याने आठवतं आहे. गणपतीत तुमच्याकडे आलो तेव्हा मी किती वाजले विचारलं, तर तू कुठल्याच घड्याळाकडे न बघता खिशातून मोबाइल काढलास आणि वेळ सांगून माझ्याकडे बघितलंस. मला तेव्हा काही वाटलं नाही. वहिनींनी रेवतीला दुसरा मोदक वाढताना जरा थांबून वाढला. तोही राग असेल. तसं असेल तर तू मोठा आहेस, माझा कान धर, पण डिस्क पाठव. ती भंगारात गेली असेल तर मात्र तसं कळवू नकोस, मी इतक्यात ऐकू शकणार नाही.

ता. क. (बुधवार) पत्र अजून माझ्याकडेच आहे, कारण पाकीट मिळालं नाही, आणि ते बरं झालं. नेल्सन मढहून परतला आणि नॅटलीच्या लग्नाची पत्रिका देऊन गेला. रेवतीने त्यांना द्यायला कप्प्यातून एक वस्तू काढली आणि माझ्यासमोर बसून तिच्या सोनेरी कागदावरचं लेबल सोडवू लागली. लेबलावर वहिनींच्या अक्षरात ‘चि. गंधालीस, बाळकाका व माणिककाकू’. वैशाखात साखरपुड्याला तुम्ही दिलेला आहेर. कागदाचा कोपरा फाटला आणि आतून माझी खाकी चिकटपट्टी दिसली. फुलीच्या आकारात. वहिनींनी आमचा कागद काढला, घड्याळाचं कोरं खोकं बघितलं, घरात घड्याळं पुरेशी आहेत म्हणून तसंच ठेवलं, कुणी दिलं ते विसरल्या आणि आम्हालाच दिलं. गेल्या आठवड्यात त्या कप्प्यात मी याच पुड्याला बाजूला सारून डिस्क शोधत होतो.

मग मला रेवतीला सगळं सांगावं लागलं, हात लावल्यापासून. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, “म्हणजे मी दादांना वास्तुशांतीला हे दिलं?” मी मान डोलावली. तिने खोकं उलटंसुलटं करून बघितलं. मला वाटलं, आता वर्गही गेला आणि घरही. मग ती म्हणाली, “आणि त्यांनी आपल्या गंधालीला,” आणि अशी हसत सुटली की डोळे पुसायला तिने तोच सोनेरी कागद घेतला. मोबाइल आणि मोदकाबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. खोडत नाही, खोडलं की जास्त वाचलं जातं.

ता. क. (शनिवार) नेल्सन येऊन गेला. हात धुऊन, टॉवेल पसरून त्याने मूळ डिस्क लावली आणि यंत्राने तिला बघितलं मात्र, चहा निवायच्या आत फर्मवेअर नवं झालं. मी अजूनही विचारतो आहे की तिने केलं काय. नेल्सन म्हणतो, काही नाही, ती होती. नवी डिस्क परत बसली, नवी सिस्टिम चढली आणि आज सकाळी वर्ग झाला. मी बाल्कनीत उभं राहून ऐकला. सम्यकने तिला दिवाळीत काय फराळ करणार विचारलं आणि तिने पोरांना करंजीची मुरड कशी घालतात ते हाताने करून दाखवलं, पडद्यासमोर, नुसत्या हवेत. फार बरं वाटलं, दादा.

ता. क. (तोच दिवस, आणि खरं काम आता) जाताना नेल्सनने डिस्क पुन्हा माझ्या हातात ठेवली. म्हणाला, पुढच्या खेपेला पुन्हा लागेल, जपून ठेवा. आमच्या घरात ती कुठे ठेवू? रेवतीने कप्पा आवरायला काढला आहे आणि मी स्वतःवरही विश्वास ठेवायला तयार नाही. तेव्हा हे पत्र ज्या खोक्याला चिकटवलं आहे त्यात तीच डिस्क आहे, तशीच बांधलेली. चिठ्ठी आता बाहेरून लावली आहे. घड्याळ आमच्या कपाटावर चालू आहे, ते तुझंच, गुडघा बरा झाला की दोघं या आणि घेऊन जा. पण हे खोकं तुझ्याकडे ठेव. तू ते उघडलं नाहीस म्हणून रेवतीचा वर्ग वाचला, उघडलं असतंस तर भंगारात गेलं असतं. तसंच बंद राहू दे. फक्त हे पत्र फाडू नकोस, वहिनींना वाचून दाखव, आणि वर्षाच्या आत आमच्याकडे काही कार्य निघालं तर कृपा करून रिकाम्या हातांनी या.