माझ्या वाफ्यातला रोमन किल्ला

तीर्थरूप विष्णूमामांना संपदाचा साष्टांग नमस्कार. (खालच्या मजल्यावरच्या बाई आवाजाची तक्रार करतात, म्हणून हळूच घातलाय.) तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब ताळ्यावर असतील अशी आशा. आम्ही मजेत. लेक ऊर्जाला मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र जर्मनमध्ये मिळतात.

बातमी अशी, की तुमच्या भाचीने इथला इतिहास बदलला. निदान अकरा दिवस. र्युसेल्सहाइमजवळच्या आमच्या या छोट्या गावाखाली रोमन किल्ला आहे, असं शेजारचे केस्लरआजोबा तीस वर्षं सांगतायत. (पुरावा: एक वाकडी गल्ली आणि एक गंजका खिळा.) पलीकडचं गाव त्यांना हसतं. तर मी आमच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे भाड्याच्या बागेत, मेथीसाठी वाफा खणत होते आणि विटेचा तुकडा लागला. त्यावर कोरलेलं: एल, ई, जी. लीजन, म्हणजे रोमन पलटण! आजोबा घरातल्या सपातांनिशी धावत आले, चिखलात गुडघे टेकले आणि चक्क रडले. मलाही भरून आलं. पेपरात माझा फोटो आला. (नाव ‘संपाडा’ छापलंय, पण चेहरा स्पष्ट आहे.) नगराध्यक्षांनी दोनदा हात मिळवला.

मग पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. म्हणाल्या, “वीट रोमनच आहे.”

“गेनाऊ! अगदी बरोबर!” आजोबा ओरडले.

“आल्झो, म्हणजे असं की, या बागेतली माती १९६० साली माइन्झहून, तिथल्या जुन्या रोमन छावणीजवळून, ट्रकने आणली होती. वीट त्या मातीतून आली असणार.”

आजोबा टोपी हातात घेऊन नुसते उभे. मला काही ते बघवेना. मी विचारलं, “पण त्या मातीच्या खाली काय आहे, ते कुणी पाहिलंय का?”

बाईंनी जरा विचार केला. “नाही,” म्हणाल्या.

मामा, त्या एका ‘नाही’वर आजोबा पुन्हा ताठ झाले! आता वीट नगरपालिकेत काचेच्या कपाटात आहे, खाली चिठ्ठी: ‘इथे सापडली. शोध: संपदा.’ यातलं एक अक्षरही खोटं नाही. ऊर्जाचा अख्खा वर्ग बघून आला.

तुमची ताठ मानेची भाची,
संपदा

ता. क. आमच्या साताऱ्यात किल्ल्याला पुरावा लागत नाही, मान वर केली की दिसतो, असं मी आजोबांना बोलून गेले. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. शुक्रवारी ते तुमच्याकडे पोहोचतायत, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता फोटो काढून पाठवतेय. अजिंक्यताऱ्यावर तेवढं घेऊन जा.

ता. क. २. दोन आठवडे राहतील. कुदळ स्वतःची आणतायत. मामींना अंगणाबद्दल आधीच कल्पना देऊन ठेवा.