निम्मे युनिट

३ नोव्हेंबर. सकाळी ७.
संकल्प: महिन्याभरात विजेचे युनिट निम्म्यावर. चहाच्या वेळी जाहीर केलं. ही म्हणाली, बरं. लेकीच्या कानात इयरफोन. थोडक्यात, एकमताने मंजूर.

५ नोव्हेंबर.
गीझर दहा मिनिटं, तिघांत मिळून. पहिला नंबर माझा, योजना माझी म्हणून. लेकीला गार पाणी आलं. परीक्षा तोंडावर आहे म्हणाली. गार पाण्याने डोकं तरतरीत राहतं, असं समजावलं. शिंकत कॉलेजला गेली.

९ नोव्हेंबर. रविवार.
वॉशिंग मशीन आठवड्यातून एकदाच, गच्च भरून. इतकं गच्च की फिरेना. कपडे हाताने धुतले. म्हणजे हिने, माझी कंबर धरते. मशीनची वीज शंभर टक्के वाचली.

१२ नोव्हेंबर.
काल रात्री फ्रीज बंद ठेवला. आपण झोपायचं आणि त्याने का जागायचं? सकाळी दूध नासलं. ही चकार शब्द बोलली नाही. सहकार्य वाढतंय.

१३ नोव्हेंबर.
फ्रीजच्या बटणावर चिकटपट्टी लावली. हिने काढली. परत लावली. तुम्हाला माणसं हवीत की मीटर, असं विचारलं तिने. दोन्ही, म्हणालो. जरा विचार करून म्हणालो, तेच चुकलं बहुतेक. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!

१५ नोव्हेंबर.
ही लेकीला घेऊन भावाकडे गेली. परीक्षा होईपर्यंत. तिथे गरम पाणी आहे म्हणे. मेहुणा पहिल्यापासून उधळ्या. मला काही वाटलं नाही.

१८ नोव्हेंबर.
वापर धाडकन खाली. शेवटी शिस्त ती शिस्त.

२२ नोव्हेंबर.
काल परीक्षा संपली. हिला फोन करून मीटरचा आकडा सांगितला. छान, म्हणाली. कधी येणार, हे विचारायचं राहिलं. ती आपणहून काही बोलली नाही.

२६ नोव्हेंबर. संध्याकाळी.
फ्रीज कायमचा बंद. आत काही नाहीच. टीव्हीही लावत नाही, एकट्याने हसायला कसंतरी होतं. अंधारात बसतो. करमत नाही. याचा योजनेशी संबंध नाही.

३ डिसेंबर.
रीडिंगवाला आला. निम्म्याहून कमी! शाबासकी घ्यायला दारात जाऊन उभा राहिलो. त्याने मीटरवर दोनदा टकटक केलं. मग समोरच्या काकूंना विचारलं, इथे कोणी राहत नाही का? दिवा बंद होता, मी दिसलो नसेन.
काकू म्हणाल्या, होतं एक कुटुंब.