पंधरा मिनिटांचे सहाशे

द्वारका, नवी दिल्ली
७ डिसेंबर २०२४

सौ. कुमुद हिस,
अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. खोकला आहे, पण या हवेत तो इथे सगळ्यांनाच आहे, तेव्हा काळजी करू नकोस. आपल्या लेकीचं, पूर्वीचं, बाळ दूध नीट पितं का? तेल कोमट करून लाव, पण नंतर गॅस बंद केल्याची दोनदा खात्री कर. मागच्या दाराची कडी ढिली आहे, तिला आतून दोरी बांध.

हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं. पण फोनवर तू "काय, काय" करतेस, मग मी ओरडतो, मग बाळ उठतं आणि पूर्वी चिडते. आणि मला जे लिहायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

साकेत मजेत आहे. वाळलेला नाही. सकाळी स्वतः पोहे करतो, फक्त मीठ विसरतो.

तू मला कशासाठी पाठवलंस ते माझ्या लक्षात आहे. जावईबापूंनी, म्हणजे धीरजरावांनी, त्यांच्या पुण्याच्या कंपनीत साकेतसाठी शब्द टाकला आहे. त्याला तयार करायचं आणि बरोबर घेऊनच परतायचं. गुरुग्रामची नोकरी सोडून इंजिनियर मुलगा स्कूटरवरून गीझर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करत फिरतो, हे तुला सहन होत नाही. मलाही होत नव्हतं. मी सातवी शिकलेला माणूस. डेअरीत कॅन धुण्यापासून सुपरवायझरपर्यंत गेलो तो एकाच भरवशावर, की महिना संपला की पगार येतोच. ज्याचा पगार ठरलेला नाही त्याला रात्री झोप कशी लागते हे मला अजून कळलेलं नाही. साकेतला लागते. घोरतो.

आल्यावर आठवडाभर मी विषय काढला नाही. म्हटलं, मुलगा जरा निवांत होऊ दे. मग त्याच्या शेजाऱ्यांनी मला गाठलं.

खालच्या बागेत उन्हाला बसायला भसीनजी म्हणून एक गृहस्थ येतात. बँकेतून रिटायर झालेले, बोलायला गोड. मला म्हणाले, "अंकलजी, आपका बेटा तो डॉक्टर से भी आगे निकल गया. पंद्रह मिनट का काम, छह सौ रुपये." ते हसत होते, पण मला घाम फुटला. पंधरा मिनिटांचे सहाशे म्हणजे तासाचे चोवीसशे. आपल्या डेअरीत चेअरमनलाही तासाला तेवढे मिळत नव्हते. मला वाटलं, हा पोरगा लोकांना लुबाडतो आहे आणि एक दिवस आपल्याला सोसायटीतून हाकलतील.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पेन्शनमधून बाळाच्या पाळण्यासाठी पैसे पाठवतो म्हणालो होतो, ते का आले नाहीत असं तू तीनदा विचारलंस. मी बँकेचं सर्व्हर बंद आहे म्हणून सांगितलं. सर्व्हर चांगलं आहे.

मी भसीनजींना दोनशे रुपये परत दिले. माझ्या खिशातून. म्हटलं, साकेतला सांगू नका, लहान आहे, हिशोबात चुकतो. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, फक्त सगळ्या बागेला सांगितलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेत्राताई आल्या. त्या आपल्या पुण्याच्या, म्हणून मला नाही म्हणवेना. मग एक मल्होत्रा आले. पुढे पुढे तर लोक साकेतला फोन करायच्या आधी मला येऊन भेटायला लागले, आणि मीही मोठ्या तोऱ्यात "चार सौ में हो जाएगा" म्हणायला लागलो. वरचे दोनशे मी गुपचूप भरायचो. दोनशे दोनशे करत पेन्शन गेली, कुमुद. वाटत होतं, मुलाचं नाव राखतो आहे.

इकडे साकेत दिवसेंदिवस उशिरा घरी यायला लागला. एकदा जेवताना मी म्हणालो, "पंधरा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस कसा लागतो रे?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, उद्या चला ना बरोबर. बघाच एकदा."

गेलो. कानटोपी, दोन स्वेटर, स्कूटरवर मागे मी आणि मांडीवर हत्यारांची पिशवी. एका मोठ्या सोसायटीत गेलो. गेटवर नाव लिहा, फोटो काढा, मालकाला फोन. मालक उचलत नाहीत. मग सामानाची लिफ्ट, ती बंद. अकरा मजले चढायची तयारी मी मनात करत होतो तेवढ्यात ती चालू झाली. वर गेलो तर बाई म्हणाल्या, पूजा चालली आहे, जरा थांबा. थांबलो. साकेतने गीझर उघडला. इथल्या पाण्याला क्षार फार, आतली तापायची कांडी पांढरी फटक झालेली. नवी आणायला पुन्हा खाली, बाजारात, दोन दुकानं, पुन्हा गेट, पुन्हा फोटो. मग बसवली. बसवायला खरंच पंधरा मिनिटं लागली. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "बस, इतना सा ही था? इसके छह सौ?"

मला इतका राग आला की खोकलाच लागला.

त्यानंतर एका घरी गेलो. मागच्या महिन्यात केलेलं मशीन पुन्हा गळत होतं. तिथे पैसे घ्यायचे नाहीत, जबाबदारी आपली. तेवढ्यात दुपार झाली. परत येताना मी सहाशेतून पेट्रोल वजा केलं आणि गेलेल्या वेळाने भागलं. तासाला सव्वाशेसुद्धा बसेनात. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला जास्त मिळवत असेल. आम्ही डेअरीत टँकरची वाट बघत चहा पीत बसायचो त्याचाही पगार मिळायचा. याला गेटवर थांबण्याचा, जिन्याचा, बाजाराचा कोण देणार? ते सगळं त्या सहाशेतच आहे.

मी म्हणालो, "एवढंच मिळतं, तर पुण्याची नोकरी घे ना बाबा." तुझं काम मी केलं, हे लक्षात घे.

तो म्हणाला, "आधी बरं चाललं होतं, बाबा. सातशे करणार होतो. पण आपल्या सोसायटीत कुणीतरी भाव पाडलाय. सगळे चारशेच हातावर ठेवतात, म्हणतात, ठरलंय. आणि लांबची कामं सोडून मी यांच्यातच अडकलोय."

सिग्नलला स्कूटर थांबली होती. शेवटी शेवटी माझ्याकडे द्यायला दोनशे उरले नव्हते, म्हणून लोक नुसतेच चारशे देत होते, हे मला तेव्हा कळलं. मी मागून त्याच्या कानात सगळं सांगितलं. मला वाटलं, खाली उतरवेल. तो इतका हसला की सिग्नल सुटला तरी हलेना, मागचे हॉर्न वाजवत राहिले. म्हणाला, "म्हणजे यार बाबा, गिऱ्हाइकं तुम्ही विकत घेतलीत?"

मग त्याने मला शिक्षा दिली. कामाचा फोन माझ्याकडे. "बिघडवलंत तुम्ही, सुधारा तुम्ही."

तुला माझा स्वभाव माहीत आहे. फोन आला की मी विचारतो, दिवा लागतो का, पाणी अजिबात तापत नाही की कोमट येतं, बटण दाबलं आहे ना, खालच्या नळाला पाणी आहे ना, घरी कोण असणार, पूजा आहे का, लिफ्ट चालू आहे का. लोक वैतागतात. पण अर्ध्यांचं बटणच बंद निघतं, तिथे जावंच लागत नाही. बाकीच्यांना काय लागणार ते आधीच कळतं आणि साकेत सामान घेऊनच निघतो. परवा दुपारपर्यंत त्याची तीन कामं झाली. घरी जेवायला आला. भाव आता सातशे आहे. भसीनजी म्हणाले, "अंकलजी, अपनों से भी?" मी म्हणालो, "अपनों को तो पूरे देने चाहिए." बोललो खरा, पण रात्रभर तळमळलो.

आता राहिलेलं लिहितो. काल त्याच फोनवर धीरजरावांचा फोन आला. साकेतचा दुसरा नंबर लागत नव्हता म्हणाले. होकार हवा होता, कालच. साकेत कुणाच्या तरी बाथरूममध्ये स्टुलावर चढलेला. मी त्याला बोलावू शकलो असतो. बोलावलं नाही. मी नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी साकेतला सांगितलं तर त्याने माझ्या ताटात दोनदा भात वाढला. जावईबापू नीट बोलले, तरी दुखावले असतील. पूर्वीला तू सांभाळून घे. चूक माझी म्हण.

अडतीस वर्षांत तुला न विचारता मी साधी बादलीसुद्धा आणली नाही. हे एवढं मोठं केलं, आणि फोनवर बोलायचं धैर्य नाही म्हणून लिहिलं. पूर्वी सासरी गेली की इकडे ये. भांडायचं असेल ते इथे येऊन भांड, चार दिवस त्याच्याबरोबर हिंडून बघ, आणि मग मला जे म्हणायचं ते म्हण. मी ऐकून घेईन. उत्तर मात्र लवकर पाठव, नाहीतर मला काहीबाही सुचत राहतं.

अक्षर शेवटी वाकडं आलं असेल तर ते थंडीमुळे, असं समज.

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
नरसिंह